माप

काळा घोडा पुलाशी बावीस फूट, दूधवाला सांगून गेला.
सव्वीसला धोका.
आमच्या गल्लीला तेवीसलाच कळतं,
कारण पूर आमच्याकडे दारातून येत नाही.
आधी मोरी ढेकर देते,
मग संडासात कोणीतरी हळूच बोलल्यासारखं होतं,
आणि उंबऱ्याशी रचलेली वाळूची पोती
बाहेर तोंड करून राखण करत बसलेली असतात.
म्हणून पहिलं पोतं मोरीवर.
दुसरं कमोडमध्ये. नफीसा हसते, पण ठेवते.

सगळ्यांत आधी परक्यांचं वर.
माझ्या साड्या, माझी तूरडाळ नंतर.
लोकांचं कापड म्हणजे जोखीम:
दक्षाबेनच्या सुनेची चणियाचोळी, आरशांसकट,
बिनबाह्यांचे अकरा ब्लाउज,
गायकैवारीबाईंच्या जुन्या पैठणीतून
नातीसाठी बेतलेलं परकर-पोलकं, अजून नुसतं टाचलेलं.
नफीसा गठ्ठे घेऊन जिना चढते.
तिसऱ्या फेरीला विचारते,
मासी, चार दिवसांनी हे सगळं परत खालीच आणायचं ना?
हो.
मग?
मग नवरात्र. हात चालव.

सिलेंडर खिडकीच्या गजाला बांधला.
गेल्या खेपेला तो सुटला होता
आणि रात्रभर भिंतींना धडकत हिंडला,
चावी हरवलेल्या माणसासारखा.
फ्रिज पलंगावर, पलंग विटांवर,
विटा देवाच्या भरवशावर,
आणि देव ओढणीत गुंडाळून वर शहांच्या स्वयंपाकघरात,
जिथे कांदा चालत नाही.
खंडोबा, चार दिवस काढ.

कागद कुकरमध्ये.
पाच लिटरचा, रबर नवीन, शिट्टीच्या भोकात मेण.
घराचा दस्त, ह्यांच्या मृत्यूचा दाखला,
आणि त्यावर मापांची वही.
वहीत अर्धं दांडिया बाजार आहे: छाती, कंबर, बाही, मागचा गळा.
शेवटून तिसऱ्या पानावर एक गिऱ्हाईक आहे
जिने कधी कापड आणलं नाही.
विश्वामित्री.
लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी: उंची साडेएकोणतीस.
मध्ये एकदा घोटाभर. लिहिण्यासारखं नव्हतं, लिहिलं.
त्यानंतर बेचाळीस.
भिंतीवरच्या ओल्या रेषेला टेप लावली
तर ती माझ्या बरगड्यांशी थांबली.
ह्यांनी पुढे रंग काढून रेष झाकली.
कशाला रोज बघायची, म्हणाले.
मला काही वाटत नव्हतं तिचं.
गिऱ्हाईक जाड झालं म्हणून
त्याच्यावर कोणी रागावतं का?
फळ्या पंचेचाळीसला ठोकल्या.
शिवणीत दाब सोडतात तसे तीन इंच सोडले.

शेवटी मशीन.
डोकं काढून घेतलं, जुन्या चादरीत, तान्ह्यासारखं.
लोखंडी पाय खालीच राहतो, तो कोण उचलणार.
गेल्या खेपेला जिन्यावरून टॉर्च मारला
तेव्हा काळ्या पाण्याखाली पायडल हलत होतं,
सावकाश, एकसारखं,
कोणी मन लावून लांब टीप घालत असावं तसं.
हे मी कोणाला सांगितलं नाही.
नफीसाला आत्ता सांगितलं.
ती म्हणाली, दोरीने बांधू या.
मी म्हटलं, राहू दे.

वॉचमन आला. आजवा सोडलंय.
बागेच्या भिंतीशी मगर दिसली तर दगड मारू नका,
ती आधीच भ्यालेली असते.
लाइट गेले.
रिकामी खोली एकदम मोठी वाटायला लागली,
लग्न करून आले तेव्हा होती तेवढी.
मोरीवरचं पोतं जरासं हललं, की मला वाटलं.

कुकर पुन्हा उघडला.
मेण पुन्हा लावावं लागेल, नफीसा चिडली.
वही काढली, तिसरं पान, आजची तारीख,
उंची,
आणि पुढची जागा कोरी सोडली.
झाकण लावलं.
वर पोचल्यावर शहांची धाकटी विचारते,
आजी, हे गळ्यात काय?
टेप होती. काढायची राहूनच गेली.